गुंड नंबर चार

२ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ६.४०

आजपासून ही वही. कारण एवढंच, की उद्या कोणी काही फिरवून सांगितलं तर आपल्याकडे लेखी असावं. वही गव्हाच्या कोठीमागे ठेवायची. वर ज्वारीचा एक दाणा. दाणा हलला की समजायचं, घरात फितुरी आहे.

आज दौंडला मुलाचं घर बघायला गेलो. मुलगा ज्ञानेश, रेल्वेत इलेक्ट्रिकलला. आमच्या ऋतिकाला पसंत आहे. ती तसं बोलली नाही, पण हल्ली कारेगावच्या कंपनीतून आली की न सांगता सगळ्यांना चहा करते. एकुलती एक आहे, मला कळतं.

अनिताचं म्हणणं होतं, शेजारच्या सोपानरावांची जीप मागा. मी म्हटलं, मुलीचा बाप उसन्या जीपमधून उतरणार नाही. बुलेट काढली. मागे हौसरावमामा. हे अनिताचे मामा, स्थळ त्यांनीच आणलंय. कवठे येमाई ते दौंड म्हणजे सत्तरएक किलोमीटर. न्हावऱ्याच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर आणि नुसता फुफाटा. म्हणून तोंडाला काळा रुमाल आणि डोळ्यांना काळा गॉगल. यात गैर काय?

घर चांगलं. मुलगा चांगला. पोहे ठीक. मुलाची आजी झुंबरबाई मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. त्या घरात शब्द तिचाच चालतो असं दिसलं.

निघताना गाडी पहिल्याच किकला सुरू केली. (खरं लिहायचं तर सातव्या.) गॉगल चढवला. तेवढ्यात आजी ओट्यावरून ओरडली, पाव्हनं, स्टँड! मी मागे बघितलं नाही. निघताना मागे बघायचं नसतं, खाली तर नाहीच नाही, सगळी ऐट जाते. कुठलाही पिक्चर बघा, गाडीवर बसलेला हिरो कधी स्टँडकडे बघतो का?

पुढच्या डाव्या वळणावर गाडी जरा उडाली. रस्त्याचा दोष. मामांचा गुडघा खरचटला. त्यांना गाडीवर बसता येत नाही.

एकूण छाप उत्तम पडली.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

मामांचा फोन. म्हणाले, पोरगी पसंत हाय, घर पसंत हाय, पन आजी म्हणत्यात जरा थांबू. कशापायी, तर पोरीच्या वडलांपायी.

मी विचारलं, माझ्यात काय खोट काढली? मामा आधी सांगेनात. मग एका दमात सांगितलं. झुंबरबाई म्हणते, हा मानूस तोंड बांधून येतो, काळा चष्मा घालतो, आन् म्हातारं मानूस वराडतंय तरी वळून बघत न्हाई. असली माणसं काय काय करत्यात ते मी रोज सातला शिरेलमधी बघते. उद्या पोरीवरनं कायबी झालं, की हा चार गाड्या घिऊन दारात हुबा.

मी गुंड! एकावन्न वर्षांच्या आयुष्यात एकदाच मारामारी केली, सोसायटीच्या इलेक्शनला. त्यातही मार मीच खाल्ला.

अनिताला सांगितलं. ती म्हणाली, तुमाला गुंड म्हणणारं मानूस मला एकदा बघायचंय. आणि हसली. हा पाठिंबा की टोमणा? नोंद करून ठेवतो.

ऋतिका संध्याकाळी आली. ऐकलं, मान खाली घातली, आत गेली. चहा केला नाही. माझ्या घशात काहीतरी अडकलं. बहुधा शेंगदाणा.

९ फेब्रुवारी, रविवार

निश्चय: प्रश्नाच्या मुळाशी जायचं. मला गुंड झुंबरबाईने नाही केलं, टीव्हीने केलं. तीन दिवस पिक्चर आणि मालिका बघून अभ्यास केला. खत घालायचं राहिलं, पण अभ्यासाला इलाज नाही. निष्कर्ष:

हेल्मेट आणि काळी काच असेल तर खुनी. तोंडाला रुमाल असेल तर गुंड. दोन्ही नसेल तर हिरो, त्याला दंडही होत नाही.

मालिकेतला नवरा हसत हसत लगेच येतो म्हणाला आणि मोटरसायकलवर बसला, की तो गेलाच. मरत नाही. चाळीस भाग बायकोला ओळखत नाही.

दोन जिवलग मित्र एका गाडीवर गाणं म्हणत निघाले, तर मागचा मरतो. (हौसरावमामांना हे सांगितलं. त्यांना आवडलं नाही.)

कोणीही पेट्रोल भरत नाही. कोणाच्याही गाडीला दुधाचे कॅन नाहीत, युरियाचं पोतं नाही, मध्ये नातवाला दाबून बसलेली म्हातारी नाही. आमच्या तालुक्यात जेवढ्या मोटरसायकली आहेत त्यातल्या निम्म्या रोज सकाळी डेअरीला जातात. डेअरीला चाललेला मोटरसायकलवाला टीव्हीवर एकदाही बघितला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खरा हरामखोर कायम मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेला असतो. त्याला सगळे साहेब म्हणतात. बदनामी कोणाची, तर दुचाकीची. यामागे चारचाकीवाल्यांचा हात आहे. सोपानरावांकडे जीप आहे हे विसरून चालणार नाही.

सायंकाळी. दाणा जागेवर नव्हता. अनिताला आडून विचारलं. ती म्हणाली, कोठीमागं उंदरं झाल्यात. उंदीर असू शकतात. पण उंदराला अक्षर वाचता येत नाही एवढ्यावर मी गाफील राहणार नाही. उद्यापासून दोन दाणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिरूर-दौंड दुचाकीस्वार सन्मान मंच आज स्थापन झाला. अध्यक्ष मी. मागणी एकच: पडद्यावर दुचाकीस्वारांची बदनामी थांबवा. बातमी आली की दौंडपर्यंत जाईलच. झुंबरबाईच्या कानावर गेलं म्हणजे झालं.

निवेदन लिहिलं, दोन पानी. निवेदन देतानाचा फोटो लागतो, त्याशिवाय निवेदन दिलं असं होत नाही. फोटोला किमान पाच जणांनी मिळून एक कागद धरावा लागतो. आम्ही जमलो तीन. मी, मामा आणि सोपानराव. सोपानरावांकडे जीपशिवाय नवी मोटरसायकलही आहे, म्हणून नाइलाजाने घेतलं. ते लगेच मधे उभे राहिले. अध्यक्ष मी आणि मधे ते! लक्षात ठेवतो.

निवेदन घ्यायला कोणीतरी हवं. वाहिनी मुंबईत. शेवटी डेअरीच्या सेक्रेटरीने स्वीकारलं. तो म्हणाला, मी ह्याचं काय करू? म्हटलं, धरा आणि कॅमेऱ्याकडे बघा. फोटोत तो फॅट मोजायच्या मशीनपुढे उभा आहे, त्यामुळे आम्ही दुधाच्या दरासाठी गेलो असं वाटतं. ग्रुपवर टाकल्यावर सत्तावीस जणांनी दरवाढ झालीच पाहिजे असं लिहिलं.

प्रतिसाद मोठा आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.३०

गंभीर. सकाळपासून एक पांढरी गाडी गल्लीत. एक मुलगी, कापलेले केस, गळ्यात पास. तिच्याबरोबर कॅमेरेवाला. दोघांनी आमच्या घराचे, बुलेटचे आणि माझ्या कांद्याच्या ढिगाचे फोटो काढले. मी खिडकीआडून नऊ मोजले.

दौंडची चौकशी! लग्नाआधी माणसं चौकशी करतात, आम्हीही केली. पण आम्ही निदान पानाच्या टपरीवर विचारलं, कॅमेरा नाही पाठवला. झुंबरबाई साधी बाई नाही.

निश्चय: ओळखलं हे दाखवायचं नाही. गोडीत घ्यायचं.

दुपारी २

मुलीला घरात बोलावून चहा दिला. नाव अनुपमा सांगते. मी बोलता बोलता सहज सांगितलं, की मी माळकरी नसलो तरी निर्व्यसनी आहे, कोर्टात एकही केस नाही, आणि कुत्रं आडवं आलं तर गाडी थांबवतो. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग म्हणाली, सर, तुमचा फेस एकदम आम्हाला हवा तसाच आहे.

म्हणजे पास झालो.

दुपारी ३.१५

दौंडची नव्हे. टीव्हीवाली आहे. तीच ती सातची मालिका. आमच्या गावात शूटिंग करणार. कांद्याच्या ढिगाशेजारी नायिका उभी राहणार आणि तिला धमकवायला मोटरसायकलवरून चार गुंड येणार. गाड्या आणि माणसं गावातलीच हवीत.

मी ताडकन उठलो. मंचाचा अध्यक्ष आहे म्हणून सांगितलं. निवेदनाची झेरॉक्स दिली. तिने ती नीट वाचली, मान डोलावली आणि म्हणाली, सर, चौथ्या गुंडासाठी विचार करा.

अपमान! चौथ्या!

२३ फेब्रुवारी, रविवार

विचार केला. आतून सुधारणा करायची असेल तर आत शिरावं लागतं. बाहेरून नुसतं ओरडून कोण ऐकतो? गुंडाच्या वेषात मी एक सभ्य दुचाकीस्वार दाखवीन. प्रेक्षकाला प्रश्न पडेल, की हा माणूस गुंडांत कसा काय? तोच संदेश.

शिवाय तोंडाला रुमाल असणार. दौंडच्या लोकांना कळण्याचा प्रश्नच नाही. नंबर प्लेटला शेण लावीन.

सोपानराव दुसरे गुंड. ते माझ्या आधी हो म्हणून मोकळे झाले. मंचाची काही निष्ठा?

अनिताला सांगितलं. ती म्हणाली, ज्याच्यापायी पोरीचं अडलंय तेच करायला निघालात. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, व्हय, मला न्हाईच कळत. ऋतिका ताट घेऊन आत गेली. भाकरी अर्धी राहिली होती. कंपनीत काहीतरी खाल्लं असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जाऊन आलो. शुभ कामाआधी जावं. हात जोडून म्हटलं, ऋतिकाचं जमू द्या. दुसरं काही मागायचं सुचलंच नाही. मंचाचं राहून गेलं.

पार्किंगमधून निघताना फुलवाल्या बाई ओरडल्या, ओ दादा, स्टँड! मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आला आणि पायाकडे हात करत गेला. शाळेची दोन पोरं सायकलवरून स्टँड, स्टँड करत मागे लागली. माझा पक्का संशय आहे, की जुनी बुलेट आणि तिच्यावरचा ताठ बसलेला माणूस लोकांना बघवत नाही. त्याला काहीतरी करून खाली बघायला लावायचं. या महाराष्ट्रात कोणी कोणाच्या अडचणीला धावणार नाही, पण दुसऱ्याच्या स्टँडकडे सगळ्यांचं लक्ष.

मी बधलो नाही. डाव्या वळणांवर आजही गाडी उडाली. सस्पेन्शन दाखवलं पाहिजे.

२ मार्च, रविवार

रिहर्सल. सीन सोपा. आम्ही चौघे रांगेत येणार, नायिकेभोवती एक चक्कर मारणार, डावीकडे वळून निघून जाणार. बोलायचं फक्त पहिल्या गुंडाने. तो मुंबईचा, त्याला आमच्यासारखी खरी मिशी नाही, चिकटवलेली आहे.

मी अनुपमाला सुचवलं, चौथा गुंड जाता जाता नायिकेला म्हणेल, ताई, कांदा झाका, ढग आलेत. तेवढ्यात माणुसकी दिसते. ती म्हणाली, सर, खूप छान आहे, बघू. यांच्यात बघू म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही. आमच्यात नाही असा अर्थ होतो.

माझ्या चेहऱ्याला वरून काही लावायची गरज नाही असं मेकअपवाला म्हणाला. बाकी तिघांना अर्धा तास लागला. यात खुश व्हायचं का, हे घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

४ मार्च, मंगळवार. सायंकाळी ५. डाव्या कुशीवर झोपता येत नाही

शूटिंग पार पडलं.

खरं काय ते लिहून ठेवतो, कारण गावात वेगळंच पसरलंय.

सकाळपासून दोनशे माणूस जमलं होतं. ऋतिकाने रजा टाकली होती. अनिताही लांब बाभळीखाली उभी होती, पदर तोंडाला लावून. मला बरं वाटलं. आम्ही चौघे गाड्यांवर. ॲक्शन म्हटलं. तिघे गेले. माझी चौथ्या किकला सुरू झाली. मी गॉगल सरळ केला, छाती काढली आणि निघालो.

आणि सगळं गाव ओरडलं, स्टँड!

दोनशे माणसं एका आवाजात. लहान पोरं, म्हातारी, डेअरीचा सेक्रेटरी, लाइटवाले. पुढे गेलेले सोपानराव मान वळवून पायाकडे बोट दाखवायला लागले. बघा, चालू शूटिंगमध्ये मला खाली बघायला लावायचं, शॉट घालवायचा आणि माझ्या जागी स्वतःचा भाचा उभा करायचा! अनितासुद्धा पदर सोडून ओरडत होती, अवो, स्टँड! घरचा भेदी म्हणतात तो हाच.

मी नजर समोर ठेवली. हिरो खाली बघत नाही.

मग डावीकडे वळलो.

पुढचं एवढंच आठवतं, की गाडी एका पायावर उभी राहिल्यासारखी झाली आणि मी एकटाच पुढे गेलो. कांदे माझेच होते. ढीग बराच उंच असल्यामुळे वाचलो. रुमाल निघाला. गॉगल अजून सापडायचाय.

मग ऋतिका पळत आली. पप्पा, लागलं का, म्हणाली. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली.

गाडीचा स्टँड वाकलाय. कोणी वाकवला याचा शोध घ्यायला हवा.

५ मार्च, बुधवार

अनुपमाचा फोन. तब्येतीची चौकशी. मी म्हटलं, तो शॉट पुन्हा घेऊ. ती म्हणाली, नाही सर, डायरेक्टर तर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते, तोच ठेवतोय. कमाल आलाय.

म्हणजे माझ्या पडण्यात त्यांना काहीतरी दिसलं. वेदना दिसली असेल. गुंडाच्या आतला माणूस. मी म्हणतच होतो.

तरी दौंडकरांच्या दृष्टीने चेहरा दिसू नये हे बरं. विचारलं, चेहरा दिसतो का? ती म्हणाली, सर, काळजीच करू नका, क्लोजअप आहे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ८

दौंडहून निरोप. झुंबरबाईला आपल्या डोळ्यांनी आमचं घर बघायचंय. शेवटचं काय ते तिथंच सांगणार. शनिवारी दुपारी चारला येतात. मामा म्हणाले, ह्या बारीला रुमाल न्हाई, गॉगल न्हाई, गाडीला हातबी लावू नका. नुसतं सोफ्यावर बसायचं.

ऋतिकाने चहा केला. साखर जास्त पडली होती. दोन कप घेतला.

सकाळी ११

अनुपमाचा मेसेज. आमचा भाग शनिवारी. संध्याकाळी सातला.

शनिवारीच कसा? आठवड्यात सहा भाग असतात. कोणीतरी ठरवून केलंय.

दुपारी. योजना:
१. चारला आले की साडेसहाला वाटेला लावायचे. रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत, अंधार होतो, असं सांगायचं.
२. तरी बसले तर लाइट जाईलच. सातला जातेच.
३. तरी नाही गेली तर डिशची वायर आधीच काढून ठेवायची.

यातून काही निसटेल असं वाटत नाही.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ३

वायर काढली. छपरावर जाऊन, हळूच. वायरचं टोक पाण्याच्या टाकीमागे लपवलं. पांढरा शर्ट घातलाय. बुलेट गोठ्यात, वर ताडपत्री. रुमाल फक्त खिशात.

दुपारी ४.०५

आले नाहीत.

सायंकाळी ५.५०

आत्ता आले. वाटेत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. झुंबरबाई, ज्ञानेश, त्याचे आई-वडील. हौसरावमामा दुपारपासून इथेच आहेत. आजी आल्या आल्या दारात थांबली, अंगणभर नजर फिरवली आणि म्हणाली, ती काळी गाडी कुठं हाय? मी म्हटलं, विकायचा विचार आहे. अनिताने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत असं खोटं माझ्या तोंडून गेलं नव्हतं. पण पोरीसाठी बुलेटही विकीन, हे म्हटल्यावर कळलं की ते खोटं नव्हतं.

(हे मोरीत बसून लिहितोय. पाय धुतो असं सांगितलंय.)

सायंकाळी ६.४०

बोलणी चांगली चालली आहेत. आजी मात्र बोलत नाही, घड्याळाकडे बघते. मी अंधाराचं सांगितलं. ती म्हणाली, सातची शिरेल बघून जाऊ.

ऋतिकाने टीव्ही लावला. सिग्नल नाही. मी हळहळलो. फार नाही, बेताचं.

तेवढ्यात ज्ञानेश उठला. बघतो, म्हणाला. रेल्वेत इलेक्ट्रिकलला. हे माझ्या लक्षातून गेलं होतं. नको नको म्हणेपर्यंत छपरावर चढला. वरून मला ओरडला, काका, वायर काढून कुनीतरी टाकीमागं लपवलीया! मी म्हटलं, उंदरं.

लाइट जायची वाट बघतोय. फेब्रुवारीपासून रोज सातला जाते. आज बल्ब नेहमीपेक्षा जास्त उजेड देतोय.

१६ मार्च, रविवार. सकाळी ७

काल पुढचं लिहायला झालं नाही. आता लिहितो. लवकर संपवतो.

सात वाजले. मालिका लागली. नायिका माझ्या कांद्याशेजारी रडत होती. गाड्यांचा आवाज आला. झुंबरबाई पुढे सरकून बसली आणि म्हणाली, आले बघा मुडदे. एक गाडी, दोन गाड्या, तीन. सोपानराव छान दिसत होते, हे लिहायला त्रास होतो. मग चौथा.

मी खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे बघत होतो. पडद्याकडे बघायची हिंमत नव्हती. पण आवाज तर येतो. आमच्या गावाचा तो स्टँड म्हणून ओरडण्याचा आवाज त्यांनी तसाच ठेवला होता. वर बारीक पिपाणी.

पडलो. एकदा समोरून. मग तेच हळूहळू, बाजूने. मग आणखी हळू, वरून. हवेत असताना माझं तोंड उघडं होतं. पडल्यावर रुमाल निघाला, आणि अख्ख्या टीव्हीभर मी, डोक्यावर एक कांदा. तो घरंगळून नाकावर आला तिथे त्यांनी भाग थांबवला आणि जाहिरात लावली.

ऋतिका पडद्याकडे बघत उभी होती, हातात ट्रे. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, संपलं. पोरीचं वाटोळं मी माझ्या हाताने केलं. चौथा गुंड व्हायला मला कोणी बंदूक लावली नव्हती. ऐट पाहिजे होती, दुसरं काही नव्हतं. हे मी इथे लिहितोय, बाहेर बोलणार नाही.

झुंबरबाईने टीव्हीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टीव्हीकडे. मग तिच्या पोटातून काहीतरी आवाज यायला लागला. मला वाटलं ठसका लागला. अनिता पाणी आणायला धावली. ठसका नव्हता. बाई हसत होती. पदर डोळ्याला लावला, मांडी बडवली, ज्ञानेशच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मग सगळेच हसले. ट्रे खाली ठेवून ऋतिकासुद्धा. रडत रडत हसत होती.

दम घेऊन झुंबरबाई म्हणाली, अगं बया, मी ह्या मानसाला भ्याले व्हय! ह्यो कुनाचं काय वाकडं करनार? ह्याला सोताचा स्टँड वर घेता येत न्हाई. हौसराव, सुपारी आना. आत्ताच फोडू.

तिथंच सुपारी फुटली. पुढच्या रविवारी दौंडला लग्नाची यादी करायला जायचं, तारीख धरायला.

मी पेढा खाल्ला. गोड होता. बरोबर बारा मिनिटांनी, सगळे आनंदात असताना, लाइट गेली.

१९ मार्च, बुधवार

मंच बरखास्त. मामा म्हणाले, आता कशाला? सोपानराव म्हणाले, त्यांना पुढच्या भागातही बोलावलंय, तेव्हा बदनामीविरुद्ध सही करणं बरं दिसणार नाही. मी त्यांच्यावर पहिल्यापासून संशय घेत होतो ते काही उगीच नाही.

शिरूरच्या बाजारात तिघांनी सेल्फी घेतला. तुम्हीच ना ते कांद्यातले? एकाने विचारलं, पडायचं शिकायला कुठं गेला होता? मी म्हटलं, घरीच.

वहीवरचे दोन्ही दाणे आज जागेवर होते. शेजारी तिसरा होता. अनिताला विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार. सायंकाळी ७.३०

दौंडला जाऊन आलो. बुलेटवरच. विकू नका असं झुंबरबाईनेच फोन करून सांगितलं होतं. रुमाल गळ्यात सैल. गॉगल सापडला, पण एक काच गेलीय, म्हणून राहू दिला. फुफाटा बराच खाल्ला.

लग्न सात मेला. ऋतिकाने फोनवर तारीख ऐकली आणि फोन ठेवून दिला. दोन मिनिटांनी परत केला आणि म्हणाली, पप्पा, सावकाश या.

निघताना सगळं घर ओट्यावर आलं. गाडी नवव्या किकला सुरू झाली. मामा मागे नीट धरून बसले. मी गिअर टाकला. झुंबरबाई ओरडली, व्याही, स्टँड!

मी खाली बघितलं.

खाली होता.

वर घेतला. मग मागे वळून हात जोडले आणि निघालो. पुढच्या डाव्या वळणावर गाडी उडाली नाही. रस्ता दुरुस्त केलेला दिसतो.